विखुरलेले रवे

१

परदेशी निघालेला गूळ बंदरावरच नापास झाला. बातमी कोल्हापुरात पोहोचली तेव्हा दुपार कलली होती. तवनाप्पा मगदूम यांनी पहिल्यांदा काय केलं, तर मार्केट यार्डातल्या आपल्या गोदामाचं शटर आतून ओढून घेतलं. शेजारचे अडते चौकशीला यायच्या आत दार बंद झालेलं बरं.

गूळ सेंद्रिय म्हणून विकला होता आणि त्यात हायड्रॉस निघालं होतं. उकळत्या रसात ही पावडर टाकली की गूळ पिवळाजर्द दिसतो, म्हणून पुष्कळ जण टाकतात. सेंद्रिय गुळाला मात्र तिचा कणही चालत नाही. बंदरावर जेवढे रवे, म्हणजे गुळाच्या छोट्या ढेपा, फोडून पाहिले त्यांतला चौथा हिस्सा खराब ठरला.

आणि हाच माल गोदामातून निघायच्या आधी संयोगिता चौगुले या मुलीनं तपासून स्वच्छ ठरवला होता. ती उचगावची. गोदामाच्या कोपऱ्यात काचेची खोली आहे, तिथं बसून गूळ तपासायचं तिचं काम. आजही ती त्याच खोलीत होती. फक्त कडी बाहेरून लावलेली होती.

त्रिशलाबाई मागच्या दारानं आत आल्या. तवनाप्पांच्या वारलेल्या थोरल्या भावाच्या त्या बायको. गारगोटीच्या कॉलेजात त्यांनी संख्याशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यापासून त्या मगदुमांच्याच घरी, वरच्या मजल्यावर राहायच्या.

"बरं झालं आलात, वहिनी," तवनाप्पा म्हणाले. "एक गणित आहे. बरोबर आहे एवढं बघायचं आणि खाली सही करायची. संध्याकाळी फौजदार येणार आहेत. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाची सही असली म्हणजे केस भक्कम होते. मग दिवस मावळायच्या आत घरी जेवायला जाऊ."

"केस कुणावर?"

तवनाप्पांनी हनुवटीनं काचेच्या खोलीकडं दाखवलं. "फसवणूक केली आहे तिनं. न तपासता तपासलं म्हणून लिहून दिलं. आज आत जाईल."

काचेपलीकडं ती मुलगी स्टुलावर बसली होती. हात मांडीखाली घेतलेले. तिनं त्रिशलाबाईंकडं पाहिलं आणि मान खाली घातली. आणखी एक माणूस सही करायला आलं, एवढंच तिला कळलं असावं.

त्रिशलाबाई मागं वळल्या. त्या ज्या दारानं आल्या होत्या त्याला हमालांचा मुकादम राजवीर यानं आतून अडसर घातला होता.

२

गणित मृत्युंजय हिरेमठ या तरुण सल्लागारानं केलं होतं. त्याला बोलावून आणलं होतं सम्मेदनं. सम्मेद हा तवनाप्पांचा एकुलता एक मुलगा. परदेशी मालाचा कारभार तोच बघायचा.

"अगदी सोपं आहे, मॅडम," मृत्युंजय म्हणाला. त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. शटर बंद झाल्यापासून आत वारा नव्हता, आणि गुळाचा गोड वास डोक्यात चढत होता. "गोदामात हजारो रवे. त्यातून हिनं तीस उचलले. चौथा हिस्सा खराब, म्हणजे तिसात सरासरीनं साडेसात खराब यायला हवेत. एकही आला नाही. असं किती वेळा घडेल ते काढलं. दहा हजार वेळा असा माल तपासला तर पाच-सहा वेळा. म्हणजे घडत नाही म्हणा ना."

त्रिशलाबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. "हे तू पॉयसाँच्या अदमासानं काढलंस."

"हो. झटकन होतं."

"झटकन होतं, पण कुठं लावायचा तो? गोष्ट विरळा असेल तिथं. शंभरात एखादी. इथं चारात एक खराब आहे. इतक्या सर्रास गोष्टीला हा अदमास बसत नाही रे. दुसऱ्याचा सदरा घातलायस तू या गणिताला."

मृत्युंजयचे कान लाल झाले. काचेपलीकडं संयोगिता उठून उभी राहिली. तिला शब्द ऐकू येत नव्हते, पण त्या पोराचा चेहरा पडलेला दिसत होता.

"मग चुकलंय ना गणित?" तवनाप्पांनी विचारलं.

"थांबा, भाऊजी." त्रिशलाबाईंनी पेन्सिल घेतली. एक रवा स्वच्छ निघायची शक्यता पाऊण. दोन निघायची पाऊणाचा पाऊण. असं तिसापर्यंत जायचं. ढीग मोठा आणि उचललेले रवे थोडे, म्हणून दर वेळी पाऊणच धरायला हरकत नव्हती. त्यांनी उत्तर काढलं, पुन्हा काढलं, आणि पेन्सिल खाली ठेवली.

"किती?"

"दहा हजारात दोनसुद्धा नाहीत."

मृत्युंजय हसला. "म्हणजे मी तिला उलट सवलतच दिली होती."

३

"कडी काढ," त्रिशलाबाई राजवीरला म्हणाल्या. "मला तिच्याशी बोलायचंय."

खोलीत शिरल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं.

"बाई, तुमचा तरी विश्वास हाय का माझ्यावर?" संयोगितानं विचारलं.

"विश्वासाचं राहू दे. रवे कसे उचललेस ते सांग." त्यांनी आवाज उतरवला. "नीट ऐक. कंटाळून एकेका थप्पीतून पाच-पाच रवे उचलले असशील तर सांगून टाक. एका थप्पीतले रवे भावंडांसारखे असतात. मग ते तीस धरायचे नाहीत, सहाच धरायचे. सहा स्वच्छ निघणं काही अवघड नाही, पाच-सहा वेळांत एकदा होतं ते. मग तुला कुणी लबाड म्हणणार नाही."

"काय म्हणतील?"

"कामचुकार म्हणतील. नोकरी जाईल. पण फौजदाराबरोबर जावं लागणार नाही."

मुलीनं काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर सम्मेद फोनवर कुणाशी तरी बोलत येरझाऱ्या घालत होता.

"तसं केलं न्हाई की मी," ती म्हणाली. "मोबाईलवर कसाबी आकडा काढायचे आणि त्याच नंबरचं खोकं उतरवाय लावायचे. तळातलं असू दे न्हाईतर मागचं. एका खोक्यातला एकच रवा. हमाल कावायचे माझ्यावर. आता पाच-पाच उचलले म्हणाले तर उद्या तेच सांगतील, बाईनं आमची कंबर मोडली म्हणून. मग डबल खोटी ठरणार मी."

"हं."

"म्हणजे खरं बोललं तर तुमचं गणित धरतंय आणि खोटं बोललं तर हमाल. जाऊ कुठं मी?"

 त्रिशलाबाईंनी काढलेली वाट त्या मुलीनं स्वतःच्या हातानं बंद केली होती, आणि ती बंद केल्याबद्दल तिला बोल लावायला जागा नव्हती.

४

त्रिशलाबाई बाहेर आल्या तशी राजवीरनं पुन्हा कडी लावली. त्याचा आवाज अख्ख्या यार्डाला पुरेल असा होता, काचेपलीकडंही जायचा. हळू बोलायला सांगितलं तरी तो तसाच यायचा.

"व्हय की, मावशी! उतरवून उतरवून मेलो आम्ही. थप्पीच्या पार पोटातलंच खोकं पायजे म्हणायची. म्हटलं, ताई, पुढच्या टायमाला आधी सांगा, तुमची खोकी वरच मांडतो!" तो हसला, मग काचेच्या खोलीकडं बघून गप झाला. "चांगली हाय वो पोरगी. असं करंल वाटत न्हाई."

"तिनं रवे उचलताना तू बघितलंस. तपासताना?"

"आता बाटल्यात काय वततीय आम्हास्नी काय कळतंय?"

इथंही फट राहिलीच. रवे उचलले खरे, पण ते तपासलेच नाहीत, असं म्हणायला कुणालाही मोकळीक होती.

"हा गूळ येतो कुठून?"

"मुरगूडच्या अलीकडं चन्नवीर पाटलाचं गुऱ्हाळ हाय. सगळा माल त्याचाच. खोकीबी आम्ही तिथंच भरतो."

"कशी भरता?"

"कशी म्हंजे? एक काहील उकळली की एक आदण. आदण उतरलं, वाफ्यात वतलं, रवे पाडले, कागदात गुंडाळले की खोक्यात. एका आदणात ह्या एवढी खोकी भरत्यात." त्यानं छातीइतकी उंची दाखवली. "दुसरं आदण यायच्या आत पहिलं बांधून मोकळं व्हायचं. सरमिसळ कराय येळ कुणाला हाय?"

"आणि माल इथं आला, तपासला, की लगेच गेला?"

"कुठलं वो! कंटेनरच मिळंना. त्यात वरनं ढगाळ हवा. गूळ लागला की पाझराय. ज्येचा कागद सैल त्येला पाणी सुटलं. आमच्या म्हशींची मातुर दिवाळी झाली."

"म्हशींची?"

"सम्मेदशेठ दिलदार माणूस. सोमवारी कामावर आलो तर ओल्या गुळाचा ढीग दाराम्होरं. न्या म्हणाले घरला, जनावरास्नी घाला. आता आमची म्हस सेंद्रिय झालीया, मावशी. शेणाचा बी जादा दर लावतो मी!"

त्रिशलाबाई हसल्या नाहीत. त्या दाराकडं, जिथं तो ढीग होता म्हणे, तिकडं बघत राहिल्या.

५

आता एकच गोष्ट विचारायची राहिली होती, आणि ती विचारायची त्यांना भीती वाटत होती.

"मृत्युंजय, बंदरावर खराब रवे सापडले ते कसे होते? काही खोकी पूर्ण खराब आणि काही पूर्ण स्वच्छ, असं होतं का?"

"मला वाटलंच तुम्ही हे विचारणार." तो सावरून बसला. या बाबतीत तो प्रामाणिक होता आणि त्याला त्याचा अभिमानही होता. "खराब रवे गठ्ठ्यानं असते तर एक रवा दुसऱ्याशी बांधला गेला असता, आणि माझा सगळा अदमासच कोसळला असता. म्हणून आधी तेच पाहिलं. बंदरावर फोन करून खोकीवार विचारलं. एका खोक्यात दोन, दुसऱ्यात चार, एखाद्यात एकही नाही. स्वच्छ रव्याला लागून खराब रवा. गठ्ठा कुठंच नाही. मूठभर शेंगदाणे फरशीवर फेकावेत तसे पसरलेले."

"खात्री आहे?"

"शंभर टक्के."

सम्मेद जवळ येऊन उभा राहिला होता. "झालं ना आता, काकू? सगळ्या बाजूंनी बघितलंत. बाबांना दम लागतोय या उकाड्यात. सही करा आणि चला."

तवनाप्पांनी पेन पुढं केलं. झरोक्यातलं ऊन भिंतीवर वर वर सरकत चाललं होतं. त्रिशलाबाईंनी एकदा तवनाप्पांकडं पाहिलं, एकदा सम्मेदकडं. या पोराला त्यांनी बाराखडी शिकवली होती. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं.

"गणित बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सही केली.

काचेच्या खोलीत संयोगितानं ते पाहिलं. ती भिंतीला टेकत खाली बसली.

६

तवनाप्पा कागद घ्यायला पुढं झाले. त्रिशलाबाईंनी त्यावर हात ठेवला.

"आकडा बरोबर आहे म्हणून सही केली. त्याचा अर्थ अजून सांगितला नाही. मृत्युंजय, तुझा आकडा काय म्हणतो? चौथा हिस्सा खराब असलेल्या ढिगातून तीस स्वच्छ रवे निघत नाहीत. कबूल. आता मला सांग, हायड्रॉस कुठं टाकतात?"

"काहिलीत."

"काहिलीत. म्हणजे टाकलं तर पूर्ण आदण खराब होतं. त्या आदणातला एक रवा खराब आणि शेजारचा स्वच्छ, असं होईल का?"

"नाही होणार," मृत्युंजय म्हणाला.

"खोकी आदणावारी भरतात, राजवीरनं सांगितलं. चन्नवीरनं पावडर टाकली असती तर ओळीनं थप्पीभर खोकी खराब निघाली असती आणि पुढची थप्पीभर स्वच्छ. हा माल गठ्ठ्यागठ्ठ्यानंच जन्माला येतो. तुझा अदमास या मालाला लागू पडायलाच नको होता. आणि तो तर अगदी चपखल बसला. तू म्हणालास, गठ्ठा नाही, म्हणून माझं गणित पक्कं. मी तेच उलटं विचारते. गठ्ठा का नाही?"

मृत्युंजय कागदावर वाकला.

"विखुरलेला खराब रवा गुऱ्हाळात तयारच होत नाही. प्रत्येक खराब रवा खोक्यात एकेकटा आलाय. कुणीतरी भरलेली खोकी उघडली, इथला एक काढला, तिथले दोन काढले, आणि त्या जागी दुसरे घातले."

"कशापायी?" तवनाप्पा म्हणाले. "रिकामपणचा उद्योग आहे का हा?"

"गूळ पाझरला म्हणून, भाऊजी. ज्याचा कागद सैल तोच पाझरला. म्हणून इकडं एक, तिकडं दोन. आणि पाझरला तो कंटेनरची वाट बघताना, म्हणजे हिनं तपासल्यानंतर. हिनं तपासला तेव्हा माल स्वच्छच होता. ती तिसाचे तीनशे रवे तपासत बसली असती तरी तिला काही सापडलं नसतं." त्या सम्मेदकडं वळल्या. "पाझरलेला ढीग म्हशींनी खाल्ला. तो ढीग खोक्यांतूनच निघाला. मग खोक्यात त्याच्या जागी काय गेलं, सम्मेद?"

"आयला," राजवीर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो हळू बोलला असेल.

सम्मेद आधी हसला. मग त्याचा आवाज चढला. "मी काय विष घातलं का, काकू? रविवारी दुकानातली दोन पोरं घेऊन बसलो आणि आपल्याच दुकानातला गूळ घातला. एक नंबरचा, पिवळाजर्द! इथं यार्डात कुणालाही विचारा, त्या काळ्या ढेकळांपेक्षा कुठला चांगला म्हणून. उलट त्यांना चांगलाच माल दिला मी!"

"सेंद्रिय म्हणून?"

"गूळ तो गूळ! वजन तेच, कागद तोच. आणि तारीख चुकली असती तर बाबांनी मला परत दुकानात बसवलं असतं. उठता-बसता तेच ऐकवतात. तुझ्यानं होत नसेल तर सांग, तुझ्यानं होत नसेल तर सांग."

"ते रविवारचं झालं," त्रिशलाबाई म्हणाल्या. "आज दुपारी बातमी आली तेव्हा तुला कळलं होतं, काय घडलंय ते."

सम्मेदनं फोन खिशात घातला.

"कळलं होतं. तरी तू हिला कोंडलंस आणि गणित करायला माणूस आणलास. या पोराला काही ठाऊक नव्हतं. त्यानं मिळालेल्या आकड्यांवर प्रामाणिकपणे काम केलं. तुला मात्र ठाऊक होतं."

मृत्युंजयनं चष्मा काढला आणि उगाच पुसत बसला.

७

तवनाप्पा गुळाच्या पोत्यावर बसले. मग म्हणाले, "राजवीर, कडी काढ."

संयोगिता बाहेर आली. दुपारपासून बसून तिचे पाय आखडले होते. ती खांबाला धरून उभी राहिली.

"पोरी, गफलत झाली," तवनाप्पा म्हणाले. "तुझा काही दोष नाही. नोकरी तुझी पक्की समज. आता मागच्या दारानं घरी जा. फौजदारांना मी सांगतो, काही नाही, गैरसमज झाला."

"आणि यार्डात काय सांगणार, शेठ?"

"यार्डात कशाला काय सांगायचं? चार दिवसांत लोक विसरतात."

"माझ्या आईला दुपारीच फोन गेलाय, तुमच्या लेकीला पोलीस नेणार म्हणून. तुमच्याच दुकानातनं गेलाय. गल्लीत सगळ्यास्नी कळलंय. त्यांना कोण सांगणार गैरसमज झाला म्हणून? म्हशी सांगणार?"

"हे बघ, घरातलं प्रकरण आहे—"

बाहेरून शटरवर थाप पडली. राजवीरनं सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मग त्यानं शटर वर ढकललं. फौजदार वाकून आत आले, मागं एक शिपाई. बाहेर शेजारचे चार-पाच अडते हात बांधून उभे होते.

"फार उकडतंय की इथं," फौजदार म्हणाले. त्यांनी टोपी काढली आणि शिपायाला लिहायला बसवलं. "बोला. फिर्यादी कोण?"

तवनाप्पांनी सम्मेदकडं पाहिलं. सम्मेद फरशीकडं बघत होता.

"मी," संयोगिता म्हणाली.

फौजदारांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तुम्ही? मला तर फोनवर सांगितलं होतं, मुलीविरुद्ध तक्रार आहे."

"मीच ती मुलगी. मला दुपारपासनं त्या खोलीत कोंडलं होतं आणि माझ्यावर खोटा आळ घातला. त्याची फिर्याद."

"कुणी कोंडलं?"

तिनं नावं सांगितली. शिपाई लिहीत गेला. बाहेरचे अडते दोन पावलं आत सरकले.

"साक्षीदार आहे कुणी?"

राजवीरनं पाठ फिरवून थप्पीवरचं खोकं सरळ केलं, ते सरळच होतं. मृत्युंजय चष्मा पुसतच होता. तवनाप्पा उठले आणि त्रिशलाबाईंच्या अगदी जवळ आले.

"वहिनी," ते म्हणाले. "आजवर तुम्हाला काही कमी पडू दिलंय का मी?"

"नाही, भाऊजी. कधीच नाही."

"काकू, मी घरचा आहे," सम्मेद म्हणाला. आता तो रडायच्या बेताला आला होता.

त्रिशलाबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग शिपायासमोरची रिकामी खुर्ची संयोगिताच्या शेजारी ओढली आणि बसल्या.

"माझं नाव लिहा," त्या म्हणाल्या. "त्रिशला आदप्पा मगदूम. मगदूमच. ते नीट लिहा."